अर्धा न

दिवाळीचे आकाशकंदील उतरले, की आमच्या कसबा बावड्यात कपडे वाळत घालायची पंचाईत सुरू होते. साखर कारखान्याचं धुराडं पेटतं आणि दोरीवरच्या कपड्यांवर बारीक काळी काजळी येऊन बसते. ही काजळी झटकायची नसते, फुंकायची असते. झटकली की पसरते. बावड्यात नव्यानं राहायला आलेली प्रत्येक बाई पहिल्या हंगामात एक तरी पांढरा टॉवेल घालवते आणि मग शहाणी होते. मी इथंच जन्मलेली, तरी यंदा झटकून बसले. प्रयोगशाळेत घालायचा पांढरा ॲप्रन होता. बाहीवर काळा फराटा उमटला आणि मी तो बघत गच्चीवर नुसती उभी राहिले.

म्हणजे गळीत हंगाम सुरू झाला. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, चौकात तुंबलेली वाहनं, बैलगाड्यांच्या मागं सांडलेलं हिरवं वाडं, म्हणजे उसाचे शेंडे, आणि सगळ्यावर मळीचा तो गोडसर आंबूस वास. बाहेरगावचे पाहुणे नाकाला रुमाल लावतात. आम्हाला त्या वासानं भूक लागते. निदान मला लागायची. गेल्या वर्षीच्या हंगामापासून लागत नाही. वास येतो, ओळखू येतो, पण आत काही हलत नाही. दाढ काढण्याआधी इंजेक्शन दिलं, की गाल आपलाच असतो पण चावला गेला तरी कळत नाही. गेल्या वर्षीचा अख्खा हंगाम मी तशी होते. खरं सांगायचं तर अजूनही बऱ्यापैकी तशीच आहे.

मी जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट केली आहे. इथल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत संशोधन करते आणि दरवर्षी नव्यानं नेमणुकीचं पत्र घेते. गल्लीत मला डॉक्टरीण म्हणतात आणि गुडघेदुखीवर गोळी विचारतात. मी गोळ्या देणारी डॉक्टर नाही, हे आईनं इतक्या जणींना समजावून सांगितलं, की शेवटी कंटाळून तिनं स्वतःच एक-दोघींना गोळ्या सुचवल्या. आमचं संशोधन म्हणजे साधं. ऊसतोडीला येणाऱ्या बायकांचे हात बधिर होतात का, आणि होत असतील तर ते कोयता धरून धरून होतात की रक्तात काही कमी पडल्यानं, एवढाच प्रश्न. प्रश्न विचारायचे, हात तपासायचे, थोडं रक्त घ्यायचं. परवा-परवाचं नाही, आता हे दोन हंगामांमागचं झालं.

प्रश्न विचारायला आमच्याबरोबर शमाभाभी होती. हातकणंगल्याची. वय पंचावन्नच्या आसपास, शिक्षण दहावी, नवऱ्याचं स्टेशनजवळ शिलाईचं दुकान. आधी वीस-एक वर्षं तिनं एका दवाखान्यात पेशंटांची नावं लिहून घेतली होती, त्यामुळे माणसाला बोलतं करायची कला तिच्या हातात होती. मी छापील प्रश्न वाचायचे, "गेल्या तीन महिन्यांत आपल्या हातांना बधिरता जाणवली का?" बाई माझ्या तोंडाकडं बघत राहायची. मग शमाभाभी पदर खोचून पुढं सरकायची आणि म्हणायची, "अगं, हात झोपतुय का तुझा? मुंग्या? कोयता हातातनं सुटतुय का मधीच?" आणि बाई बोलायला लागायची. बायका बहुतेक बीडकडच्या. त्यांची बोली वेगळी, आमची वेगळी. पण त्या काहीही बोलल्या तरी शमाभाभीच्या पेनातून ते कोल्हापुरी होऊनच कागदावर उतरायचं. आहे म्हणजे हाय. नाही म्हणजे न्हाय. अक्षर टपोरं, स्वच्छ, फक्त डोक्यावर रेघ मारायची नाही. "रेघ मारस्तवर बाई दुसरं कायतरी बोलून जातीय," असं तिचं म्हणणं होतं.

प्रश्न छापलेल्या त्या अर्जावर एक गडबड झाली होती. छापताना नेमक्या बधिरपणाच्या प्रश्नापुढची चौकट छापायची राहिली. परत छापायला वेळ नव्हता, ऊसतोडीच्या टोळ्या कधी दुसऱ्या फडात, दुसऱ्या कुणाच्या उसात हलतील त्याचा भरवसा नसतो. शमाभाभी म्हणाली, "त्यात काय, मी कडंला लिव्हतो की." आमच्याकडं बायकाही लिव्हतो, जातो, येतोच म्हणतात. तर तिनं डाव्या समासात, प्रश्नाच्या आकड्याच्या अगदी शेजारी, कागदाच्या काठाला लागून उत्तरं लिहिली. हाय. न्हाय. हाय. न्हाय.

आता पुढचं. मूळ अर्ज कुलपात ठेवायचे असा कॉलेजच्या नैतिकता समितीचा नियम. बायकांची नावं त्यावर असतात, ती फुटू नयेत म्हणून. मग झेरॉक्स काढायची, नावाचा भाग झाकून, आणि झेरॉक्सवरून संगणकात उत्तरं भरायची. एका गठ्ठ्याची पानं यंत्रात जरा डावीकडं सरकली. काठाची एक बारीक पट्टी उमटलीच नाही. त्या पट्टीत न्हायमधला अर्धा न होता. तो गेला. उरलं हाय. डोक्यावर रेघ असती तर ती तुटलेली दिसली असती आणि मला शंका आली असती. रेघ नव्हती. हाय हा शब्द स्वच्छ, टपोरा, आपल्या पायावर उभा होता. इतिहासात ध चा मा एकदाच झाला आणि त्याच्या गोष्टी आपण अजून सांगतो. आमच्या टेबलावर गठ्ठाभर न्हायचे हाय झाले आणि पंख्याचा आवाजसुद्धा बदलला नाही.

उत्तरं संगणकात मी भरली. हे वाक्य लिहायला मला फार दिवस लागले, म्हणून ते इथं वेगळं लिहिते. अख्ख्या गठ्ठ्यात एकही न्हाय आला नाही, तेव्हा मला संशय यायला हवा होता. मला आनंद झाला. एका टोळीतल्या झाडून साऱ्या बायकांचे हात बधिर! संशोधकाला असं काही हवंच असतं. दुसऱ्याच्या हाताचं दुखणं बघून आपण टेबलावर टिचकी मारतो आणि चहा मागवतो, हे लाजिरवाणं आहे, पण आहे.

आमचा लेख एका नियतकालिकात छापून आला. कुणालाही, कुठूनही, फुकट वाचता येईल असं ते नियतकालिक. लेखकांच्या यादीत शमाभाभीचं नाव होतं. त्यासाठी मी सरांशी भांडले होते. सर म्हणजे आमचे विभागप्रमुख आणि माझे मार्गदर्शक. ते म्हणाले, "अगं, तिला खाली आभारात टाक की. डिग्री काय आहे तिची?" मी म्हणाले, "सर, प्रश्न तिनं विचारले. आपण दोघं नुसते उन्हात उभे होतो." सर हसले आणि नाव राहिलं. शमशाद मुल्लाणी, हातकणंगले. शमाभाभीनं ते पान छापून आणलं, त्याला लॅमिनेशन केलं आणि दुकानात शिलाईच्या मशीनवर टांगलं. ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायका कापडाचं माप देता देता इंग्रजी पानाकडं बघायच्या. "कुठलं सर्टिफिकीट म्हणायचं हे?" कुणी विचारलं की नवरा सांगायचा, "आमच्या हिनं सायन्समधी लिव्हलंय." तिच्या आयुष्यात तिचं नाव छापून आलेले दोनच कागद होते, एक लग्नपत्रिका आणि दुसरा हा.

मग गेल्या वर्षीचा हंगाम सुरू झाला आणि ब्राझीलमधून एक पत्र आलं. ईमेलच. तिथं उसाचे मळे, तोडणाऱ्या बायका, तोच प्रश्न. तिकडची एक संशोधक होती. तिनं अदबीनं लिहिलं होतं, की तुमचा लेख वाचला, आमच्याकडं इतका बधिरपणा दिसत नाही, तुमच्या मूळ नोंदी पाहायला मिळतील का. आमच्या लेखाच्या शेवटी तसं वाक्यच होतं, मागितल्यास मूळ नोंदी दिल्या जातील. सगळेच लिहितात. "या एकदा घरी जेवायला" म्हणतो, तसं ते वाक्य असतं. कुणी खरंच दारात येऊन उभं राहिलं की धांदल उडते.

सर म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. कशाला द्यायच्या नोंदी? उद्या आपल्याच आकड्यांवर ती आपल्याआधी दुसरा लेख काढेल."

मला याची गंमत वाटते. आमचं कोल्हापूर म्हणजे झाकून ठेवणाऱ्यांचं गाव नव्हे. एसटीत शेजारी बसलेला अनोळखी माणूस "पावणं, कुठलं?" म्हणून सुरुवात करतो आणि हातकणंगले येईपर्यंत तुमच्या आजोळच्या विहिरीला पाणी किती, इथवर पोचतो. स्वतःचंही सगळं सांगतो. जमिनीचे वाद, जावयाचं पिणं, पोटाचं ऑपरेशन, काही शिल्लक ठेवत नाही. तोच माणूस प्रयोगशाळेत आला की परीक्षेत पाटी हातानं झाकणाऱ्या लेकरासारखा होतो. शेजारच्या खोलीत कुठला प्रयोग फसला हे आम्हाला कळत नाही, म्हणून तोच प्रयोग आम्ही पुन्हा फसवतो. खुल्या विज्ञानावर मी स्वतः एका चर्चासत्रात बोलले आहे. छान बोलले होते. नोंदी खुल्या ठेवा, फसलेलं सांगा, एकमेकांना दाखवा. टाळ्याही पडल्या. तेव्हा माझ्याकडं दाखवायला लाज वाटेल असं काही नव्हतं, एवढंच.

सरांना मी समजावलं. नाही म्हटलं तर बाई नियतकालिकाला लिहील, मग जास्त शोभा होईल. सर बरं म्हणाले. मी कपाट उघडलं, मूळ अर्ज काढले, बायकांच्या नावांवर कागदाची पट्टी ठेवून एकेक पान स्कॅन करायला लागले. दुपार होती. खिडकीतून काजळी येऊन टेबलावर बसत होती आणि मी ती फुंकत होते. त्या टोळीच्या गठ्ठ्याच्या पहिल्या पानावर न्हाय दिसलं. संगणकातून काढलेल्या यादीत हाय होतं. दुसऱ्या पानावर न्हाय. यादीत हाय. तिसऱ्या पानानंतर मी यादी बघायची सोडली आणि नुसती पानं उलटत राहिले. न्हाय, न्हाय, न्हाय. प्रत्येक न्हाय समासातून माझ्याकडं बघत होतं.

अशा वेळी माणसाला काय होतं, हे मी गोष्टींत वाचलं होतं. घाम फुटतो, पायाखालची जमीन सरकते वगैरे. मला काही झालं नाही. मी गठ्ठा नीट जुळवला, दोरी बांधली, खाली जाऊन चहा प्याले. चहात साखर जास्त होती, हे मला अजून आठवतं. घरी येऊन भाकरी थापल्या. आई म्हणाली, एक करपली. मी म्हणाले, करपू दे. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी तसंच. झोप यायची, जेवण जायचं, रस्त्यातल्या ट्रॉल्यांना मी हात करून वाट मागायचे. आत मात्र कुणी नव्हतं.

चौथ्या दिवशी सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. वाईट माणूस नाही हो. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं, आणि माझी कायमची जागा व्हावी म्हणून त्यांनीच तीन वर्षं खेटे घातलेले. मुलाखत पुढच्या महिन्यात होती. ते म्हणाले, "लेख मागं घ्यावा लागणार. पण कसा, ते आपल्या हातात आहे." आणि त्यांनी संपादकाला पाठवायचा खुलासा स्वतः लिहिला. चार ओळी इंग्रजीत. त्यांचा मथितार्थ असा, की नोंदी घेणाऱ्या कार्यकर्तीनं प्रमाणभाषा न वापरता बोलीत आणि अशुद्ध लिहिल्यामुळं उत्तरं वाचताना घोटाळा झाला, सबब लेख मागं घेत आहोत.

"शमाभाभीनं शुद्ध मराठीत 'नाही' लिहिलं असतं तर हे झालंच नसतं. खोटं आहे का यात काही?" सरांनी विचारलं.

खोटं नव्हतं. हीच तर त्यातली मेख. "नाही"चा ना कापला गेला असता तर नुसतं "ही" उरलं असतं, आणि मी थांबले असते. मी सरांना म्हणाले, "बरं." होय, मी बरं म्हणाले. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती, आणि चोर मान डोलावत होता. शमाभाभीला कुठली मुलाखत द्यायची नव्हती, तिची कुठली बढती अडणार नव्हती. तिचं काय जाणार होतं? नुसतं नाव. असा विचार मी केला, आणि तो करतानाही मला काही वाटलं नाही.

खुलासा पाठवायच्या आधी सगळ्या लेखकांची संमती लागते. सही हवी. म्हणून मी हातकणंगल्याला गेले, नाहीतर गेले असते की नाही कोण जाणे. दुकानात शमाभाभी काजं-बटणं करत बसली होती. तिनं माझ्यासाठी स्टूल पुसलं, नवऱ्याला चहा सांगायला पिटाळलं. मी मूळ पान आणि झेरॉक्स शेजारी शेजारी ठेवली आणि काय झालं ते सांगितलं. मग सरांच्या चार ओळी मराठीत वाचून दाखवल्या. अशुद्ध या शब्दावर माझा आवाज जरा खाली गेला. तिनं तो बरोबर ऐकला.

"परत वाचा."

मी परत वाचलं.

तिनं दोन्ही कागद उचलले, उजेडात धरले. सुई तोंडात तशीच होती. ती काढून मशीनच्या गादीला टोचली आणि म्हणाली, "मी न्हाय लिव्हलं हुतं."

"हो, भाभी."

"ही न्हायच हाय न्हवं? पोरगं बी वाचंल."

"हो."

"मग मी लिव्हलं बरोबर. तुमी वाचलासा चूक. आनि अशुद्ध मी?" तिचा आवाज चढला नव्हता, आणि कोल्हापुरात आवाज चढला नाही की समजावं, प्रकरण गंभीर आहे. "म्याडम, तुमी काय मुंबैच्या हाय का? बावड्यात जलमलासा. एका टोळीत समद्याच हाय म्हणत्यात, एक बी न्हाय म्हणत न्हाय, असं कधी बगितलंय का? पाच बाया एका चुलीवर बसल्या तर दोगी न्हाय म्हणत्यातच की. मला एक फोन केला असता."

मी म्हणाले, "चुकलंच माझं." तिनं मशीनवर टांगलेल्या पानाकडं बघितलं.

"माजं नाव काडणार का आता?"

लेख मागं घेतला तरी नाव राहतं, फक्त पानापानावर 'मागं घेतला' असा इंग्रजीत शिक्का येतो, असं मी सांगितलं. तिनं विचार केला. "शिक्का येऊ दे. काडू नका नाव. चूक झाली तवा मी बी हुतो की तितं. पर अशुद्ध लिव्हलं म्हणून न्हाय. वीस वर्सं लोकांची नावं लिव्हली, एकाचं औषध दुसऱ्याला गेलं न्हाय माज्या अक्षरापायी. येवडंच हाय माज्याकडं. ते तुमी घिऊ नका." सही केली नाही. चहा आला, तो तिनं मला पाजला. एसटी चुकायला नको म्हणून वेळेवर उठवलं.

परतीच्या एसटीत शेजारच्या आजोबांनी पावणं कुठलं म्हणून विचारलं आणि मी उत्तर दिलं नाही. उत्तर न देणारं माणूस आमच्याकडं आजारी तरी असतं किंवा पोलिसातलं. ते बिचारे खिडकीकडं सरकून बसले. त्या हंगामात मला पहिल्यांदा काही वाटलं ते तिथं. लाज वाटली. जोरात नाही, पाय झोपून उठल्यावर तळव्यात पहिली मुंगी येते तेवढीच. पण वाटली.

खुलासा मी नव्यानं लिहिला. फार अवघड गेला. न्हाय हा शब्द इंग्रजीत कसा समजावायचा? रोमन लिपीत लिहिला तर त्यातला अर्धा न दिसतच नाही, एक अख्खं अक्षर दिसतं, आणि अख्खं अक्षर कसं काय हरवेल असा प्रश्न पडतो. शेवटी मी मूळ पानाचं आणि झेरॉक्सचं चित्रच जोडलं. खाली लिहिलं, की या भागातल्या बोलीत होकार आणि नकार यांत अर्ध्या अक्षराचं अंतर आहे. नोंदी बरोबर होत्या. झेरॉक्समध्ये काठ कापला गेला. नोंदी भरणारी संशोधक, म्हणजे मी, हीच बोली बोलत मोठी झाले, तरी मी ते ओळखलं नाही, कारण मला जे हवं होतं तेच समोर दिसत होतं. शेवटचं वाक्य संपादकांनी काढायला सांगितलं. शास्त्रीय खुलाशात असं लिहीत नाहीत म्हणे. मी काढलं. बाकीचं राहिलं. सरांनी मला एकदा विचारलं, "नक्की?" आणि मी नक्की म्हटल्यावर सही केली. शमाभाभीला फोनवर थोडक्यात सांगितलं, तिनंही सही करून पाठवली. मूळ नोंदी, नावं झाकून, सगळ्यांना दिसतील अशा ठेवल्या. ब्राझीलच्या बाईनं दोन ओळी लिहिल्या, की आमच्याकडं असा अर्धा न नाही, पण असं दुसरं काहीतरी असणारच, मी माझी कपाटं उघडते आहे.

मुलाखत झाली. लेख मागं का घेतला, हे विचारलं, मी सांगितलं. एक सदस्य हसले, दुसऱ्यांनी काहीतरी टिपून घेतलं. जागा दुसऱ्याला मिळाली. त्याचा याच्याशी संबंध होता की नव्हता, माहीत नाही. कळल्यावर मी बावड्याच्या बाजारातून मेथी आणली आणि निवडत बसले. खुलेपणानं मन हलकं होतं असं म्हणतात. माझं झालं नाही. दार उघडून ठेवलं की वारा येतो तशी धूळही येते, आणि झाडायची आपल्यालाच. तरी उघडं ठेवायचं. का, ते मला चर्चासत्रात टाळ्या पडतील असं आता सांगता यायचं नाही.

खुलासा छापून आला तेव्हा चैत्र लागला होता. कारखान्याचा पट्टा पडला होता, म्हणजे गाळप थांबलं होतं, फडात नुसतं पाचट जळत होतं. शमाभाभीला मी पान नेऊन दिलं आणि ओळ न् ओळ मराठीत वाचली. नोंदी बरोबर होत्या, या ओळीवर तिनं मान हलवली. मग म्हणाली, "झ्याक. आनि त्या बायांस्नी सांगितलासा का?"

"कुठल्या?"

"आता ऱ्हाऊ दे! ज्यांचं हात हुतं त्यास्नी."

नव्हतं सांगितलं. सुचलंसुद्धा नव्हतं. ब्राझीलला सांगितलं, संपादकाला सांगितलं, मुलाखतीतल्या पाच जणांना सांगितलं. बायका घरी गेल्या होत्या, बीडकडं, कुठल्या गावी कोण जाणे. "आता हंगामाला येतील तवा," शमाभाभी म्हणाली. तिनं ते नुसतं बोलायचं म्हणून बोललेलं नव्हतं. यंदाचा हंगाम सुरू झाला आणि काल तिचा फोन आला, "आल्यात काय टोळ्या तुमच्याकडं? मी सकाळच्या गाडीनं येतो."

आज दुपारी आम्ही दोघी माझ्या स्कूटरवरून गेलो. बावड्याच्या टोकाला नव्या अपार्टमेंटांच्या मागं अजून ऊस आहे. त्याच्या बांधाला टोळीच्या पाचटाच्या खोप्या उभ्या होत्या. ओळखीच्या चौघी सापडल्या. बाकीच्या यंदा दुसऱ्या कारखान्याला गेल्या असं कळलं. केशरबाई त्यातली थोरली. तिच्या पानावरचं न्हाय मला पाठ होतं. बैलगाडीशेजारी बसून ती वाड्याच्या पेंढ्या बांधत होती. मी वाक्यं तयार करून नेली होती, ती अर्ध्यातच अडखळली. मग शमाभाभीनं सांगितलं. "बाई, तू न्हाय म्हणलीस, मी न्हाय लिव्हलं, आनि कागुद फिरला. जगाला आमी सांगितलं, केशरबाईचा हात बधिर हाय म्हणून. चुकलं. आता खरं छापलंय. तुला सांगाय आलोय."

"म्हंजी माजं खोटं लिवलं व्हतं तुमी?"

"चुकून," मी म्हणाले.

तिनं पेंढीला गाठ मारली. ती सुटली. पुन्हा मारली. रागावली असं दिसलं नाही. आजवर तिला विचारायला आलेलं कुणी उत्तर घेऊन परत आलं नसावं, तसं काहीतरी तोंडावर होतं. मग उजवा हात तिनं आडवा धरून बघितला.

"तव्हा नव्हता, ताई," ती म्हणाली. "आता हाय."

शमाभाभीनं पिशवीतून वही काढली, गुडघ्यावर ठेवली आणि पानाच्या मधोमध लिहिलं. लिहून झाल्यावर वही माझ्यापुढं धरली. "हाय लिव्हलंय, म्याडम. नीट बगा. ह्यात न न्हाय."

मी केशरबाईचा हात हातात घेतला. तळवा खरखरीत आणि गरम होता. पेनाच्या टोकानं मी तिच्या तर्जनीचं टोक दाबलं आणि कळतंय का, असं विचारणार होते. ती बैलांकडं बघत होती. मी आणखी दाबलं. ती बैलांकडंच बघत राहिली.